ओळखता येतं, लिहिता येत नाही: चिनीच्या पेपरआधीचे १४ आठवडे

हे प्रकरण मुंबई परिसरातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेतलं आहे. शाळेचं नाव देत नाही, मुलांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. मी तिथे चिनी शिकवते. पुढे जे चुकलं म्हणून लिहिलंय, त्यातलं बरंचसं माझंच आहे.

पार्श्वभूमी

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, दोन वर्षांत मुलांना एखादी भाषा अगदी शून्यापासून घेता येते. त्या अभ्यासक्रमाला ‘अब इनिशिओ’ म्हणतात आणि त्याला साधारण १५० तास शिकवणं धरलेलं असतं. परीक्षा चार भागांत होते: लेखन, श्रवण, वाचन आणि तोंडी. चारही भागांना सारखंच, २५ टक्के वजन. शेवटी १ ते ७ मधली एक श्रेणी हातात पडते. चिनीचा लेखनाचा पेपर एका तासाचा. तीनपैकी दोन प्रश्न निवडायचे, प्रत्येकाचं उत्तर ७० ते १५० शब्दांचं, हातानं, चिनी अक्षरांत. शब्दकोश मिळत नाही.

या तुकडीत नऊ मुलं होती. घरी मराठी, गुजराती, सिंधी, तमीळ. शाळेत सगळी इंग्रजी. चिनी घेण्याची कारणंही नाना तऱ्हांची. एकाचे आजोबा सोलापूरचे, डॉ. द्वारकानाथ कोटणिसांच्या गोष्टी सांगणारे. एकीला फ्रेंच नको होती, एवढंच.

वर्ग लहान का, हेही सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. २०२० च्या जूनमध्ये गलवान झालं. जुलैत आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची उदाहरणं देताना चिनी नव्हती; आदल्या वर्षीच्या मसुद्यात ती होती. आयबीच्या शाळांना त्यानं थेट काही फरक पडत नव्हता, पण पालकांच्या मनात ‘चिनी कशाला?’ हा प्रश्न बसला तो बसलाच. अशा वर्गाला दरवर्षी काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, आम्ही सगळ्या मुलांना एचएसकेच्या दुसऱ्या पातळीच्या परीक्षेला बसवायचो. ही चीनची अधिकृत भाषापरीक्षा; तेव्हा दुसऱ्या पातळीला ३०० शब्द, २०० पैकी १२० ला उत्तीर्ण. नऊच्या नऊ पास झाली. प्रमाणपत्रांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले, व्यवस्थापन खूश झालं. मीही झाले.

अडचण

दुसऱ्या वर्षी जानेवारीत सराव परीक्षा घेतली. चारच्या वर कोणीच गेलं नाही. पाच जणांना तीन.

पहिला खुलासा सगळ्यांनाच सोपा वाटला: शब्दसंग्रह कमी पडतोय. स्टाफरूममध्ये मीही तसंच सांगून टाकलं. मग एका रविवारी लेखनाचे नऊ पेपर समोर पसरून तीन रंगांची पेनं घेऊन बसले. लाल कशाला, हिरवं कशाला, हे आधी ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या पेपरपर्यंत आपोआप ठरलं.

लाल खुणा मोकळ्या जागांच्या. शब्द माहीत होता, उच्चार माहीत होता, अक्षर हाताला येत नव्हतं. ईशाच्या पेपरात अकरा ठिकाणी अक्षराऐवजी पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत त्याचा उच्चार, लिहिलेलं होतं. चिनी लोकांचीही ही दुखरी नस आहे. मोबाइलवर उच्चार टाइप करून यादीतून अक्षर निवडायची सवय लागली की पेन उचलल्यावर अक्षर आठवत नाही. त्यांच्यात त्याला चार अक्षरांचा शब्दप्रयोगच आहे: थी पी वांग त्स, लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं. माझी मुलं गृहपाठ लॅपटॉपवर करत होती. परवानगी मीच दिलेली.

हिरव्या खुणा सारख्या उच्चाराच्या चुकीच्या अक्षरांच्या. ‘त्साय’ म्हणजे ‘इथे असणं’ आणि ‘त्साय’ म्हणजे ‘पुन्हा’. सूरही (आवाजाचा चढ-उतार; चिनीत त्यानं अर्थ बदलतो) एकच, अक्षरं मात्र वेगळी. कीबोर्डवर जे पहिलं येईल ते उचलायची सवय कागदावर उतरली होती.

निळ्या खुणा वाक्यरचनेच्या, आणि त्या पाहून मी जरा थांबले. ‘मी जातो शाळेत उद्या’ या चालीची वाक्यं पानोपानी होती. इंग्रजी वाक्य मनात जुळवायचं आणि एकेक शब्द चिनीत बदलत जायचं. गंमत अशी की हेच वाक्य घरी आईला सांगताना मुलं ‘मी उद्या शाळेत…’ अशीच सुरुवात करतात, आणि चिनीतही ‘उद्या’ क्रियापदाच्या आधीच येतो.

याखेरीज मजकुराच्या प्रकाराचे गुण गेले होते. लेखनाच्या ३० गुणांत भाषेला १२, आशयाला १२ आणि प्रसंगाला साजेसा प्रकार, लिहिण्याचा सूर, मांडणी यांना ६ असतात. प्रश्नाखाली दिलेल्या पर्यायांतून पत्र, सूचना, रोजनिशी असं काहीतरी निवडायचं असतं. हरवलेल्या दप्तराची गोष्ट शाळेतल्या सगळ्यांना कळवायची होती, तर चौघांनी रोजनिशी लिहिली. या सहा गुणांना एकही जास्तीचं अक्षर यावं लागत नाही.

मग एचएसके आठवली. तिच्या पहिल्या दोन पातळ्यांत प्रत्येक अक्षराबरोबर पिनयिन छापलेलं असतं आणि हातानं एकही अक्षर लिहावं लागत नाही. तिसऱ्या पातळीपासून पिनयिन जातं. म्हणजे वर्षभराची प्रगती आम्ही ज्या मापानं मोजली, त्या मापात आमच्या मुलांचं नेमकं दुखणं दिसण्याची सोयच नव्हती.

पर्याय

मे महिन्यातल्या परीक्षेला १४ आठवडे होते. त्यातच मार्चमध्ये तोंडी.

आमच्या डिप्लोमा कोऑर्डिनेटरांचं म्हणणं, ऑनलाइन चिनी मातृभाषक शिक्षक लावू, रोज अर्धा तास संभाषण. खर्च पालक देतील. वाईट कल्पना नव्हती, पण बोलणं हा या मुलांचा त्यातल्या त्यात बरा भाग होता. संभाषणानं हात वळत नाही.

पालकसभेत ईशाचे वडील म्हणाले, “मॅडम, दहा निबंध पाठ करून घ्या ना. आम्ही बारावीला तेच केलं.” मी तेव्हा हसून टाळलं. कोणता प्रश्न येईल आणि कोणता मजकूरप्रकार मागतील याचा भरवसा नाही, त्यामुळे आख्खा निबंध पाठ करून भागत नाही. तरी त्यांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नव्हतं, हे मला पुढे एप्रिलमध्ये पटलं.

तिसरा पर्याय माझ्या स्वतःच्या सवयीतला: प्रत्येक अक्षर वीस वेळा लिहा. मी तशीच शिकले. पण मला तेव्हा दिवसभर दुसरं कामच नव्हतं. या मुलांना आणखी पाच विषय, विस्तारित निबंध, प्रत्येक विषयाची अंतर्गत कामं. वर्गात शिकवलेली जवळजवळ पाचशे अक्षरं घोटून घ्यायची म्हटली तर मुलांनी मला आणि चिनीला दोघांनाही रामराम केला असता.

चौथा पर्याय बोलून दाखवायला मला अवघड गेलं: अभ्यास कमी करायचा. वाचताना ओळखायची अक्षरं पाचशेच ठेवायची, पण हातानं लिहायची फक्त २२०, आणि बाकीच्यांच्या वाटेला लिहिताना जायचंच नाही. कोऑर्डिनेटर म्हणाले, “निकाल खाली असताना तुम्ही पोर्शन कापताय, हे मी वर कसं सांगू?” शेवटी लेखी योजना मागितली गेली, ती दिली, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं.

काय केलं

२२० ची यादी शब्दांवरून काढली नाही, वाक्यांवरून काढली. मुलांना कोणत्याही विषयावर लागतीलच अशी वाक्यं आधी लिहिली: कारण सांगणं, तुलना, काल-आज-उद्या, आवड-नावड, विनंती, आभार. त्या वाक्यांत येणारी अक्षरं म्हणजे यादी. यादीबाहेरच्या गोष्टींसाठी पळवाट शिकवली. ‘पर्यावरण’ लिहिता येत नसेल तर ‘इथली हवा चांगली नाही, पाणी स्वच्छ नाही’ लिही. सुरुवातीला मुलांना हे लबाडीचं वाटलं. परक्या भाषेत बोलणारा प्रत्येक माणूस दिवसभर हेच करत असतो.

अक्षरं कुटुंबानं शिकवली. ‘छिंग’ असा ध्वनी सांगणारा एक भाग आहे. त्याला बोलण्याची खूण जोडली की ‘विनंती’, पाण्याचे तीन थेंब जोडले की ‘स्वच्छ’, सूर्य जोडला की ‘निरभ्र’, काळीज जोडलं की ‘भावना’. डोळा जोडला की उच्चार थोडा सरकून ‘चिंग’ होतो आणि अर्थ डोळ्यांचा. असं एक घर पाठ झालं की पाच माणसं ओळखीची होतात. सारख्या उच्चारांचे गोंधळ यानंच सर्वांत जास्त कमी झाले, कारण आता चुकीचं अक्षर ‘कोणत्या घरातलं’ हे विचारता येऊ लागलं.

लॅपटॉपवरचा गृहपाठ बंद केला. चीनमधली मुलं आत अधिकाची खूण असलेल्या चौकटींच्या वहीत गिरवतात. त्या चौकटीला ‘शेत’ या अक्षराचं नाव आहे, कारण दिसते तशीच. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरीतल्या मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वह्या आणल्या. सतरा वर्षांच्या मुलांनी त्या दप्तरात लपवून ठेवल्या.

आता देवनागरीबद्दल, कारण इतर शिक्षक मला त्याबद्दलच जास्त विचारतात. पिनयिन रोमन लिपीत असतं आणि इंग्रजी माध्यमाची मुलं ते इंग्रजीसारखं वाचतात. चिनीत ‘ब’ आणि ‘प’ असा फरक नाहीच. फरक आहे ‘प’ आणि ‘फ’ असा, म्हणजे हकाराचा, आणि हा ‘फ’ ओठ मिटून म्हणायचा. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे फ. तसंच ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. म्हणजे पिनयिन हा शब्दसुद्धा खरा ‘फिनयिन’. इंग्रजी कानाला जे अवघड जातं ते आपल्या वर्णमालेत ओळीनं मांडलेलं आहे. मराठीची तर वरकडी अशी की आपल्याकडे दोन च आहेत. चिमणीतला च एका व्यंजनाला चालतो, चाकातला च दुसऱ्याला. जीभ ट च्या जागी नेऊन च म्हटला की तिसरंही जमतं. वर्गातल्या गुजराती मुलानं चाकातला च शिकायला दोन दिवस घेतले, मराठी मुलींनी शून्य.

सोलापूरच्या आजोबांच्या नातवाला मी कोटणिसांचं चिनी नाव देवनागरीत लिहायला सांगितलं. रोमनवरून त्यानं लिहिलं ‘के डिहुआ’. ऐकवल्यावर खोडून लिहिलं ‘ख तीह्वा’. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेलेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेला हा डॉक्टर चिनीत शिकवायचासुद्धा, असं त्यानंच मग वर्गाला सांगितलं. आजोबांना त्यानं संध्याकाळी फोन करून नवा उच्चार ऐकवला म्हणे.

वाक्यरचनेसाठी एकच वाक्य फळ्यावर महिनाभर राहिलं: ‘वो मामा त्स्वो द त्स्हाय’. माझ्या आईनं केलेली भाजी. ‘त्स्वो द’ म्हणजे ‘केलेली’, आणि ते भाजीच्या आधी येतं, जसं आपल्याकडे. ‘त्स्हाय’चा अर्थ भाजीसारखाच दुहेरी: बाजारातून आणलेलीही आणि ताटात वाढलेलीही. इंग्रजीतून जाणारी मुलं आधी भाजी ठेवून मग ‘जी आईनं केली’ म्हणत अडकायची. गुजराती आणि तमीळ घरांतही ‘केलेली’ची जागा हीच, त्यामुळे ही युक्ती सगळ्यांना लागू पडली. वर्गात नियम झाला: वाक्य अडलं की आधी घरच्या भाषेत म्हणा.

याची किंमतही होती. क्रियापद चिनीत कर्माच्या आधी येतं. दोन मुली पुढचे दोन आठवडे ‘मी पुस्तक वाचलं’ याच क्रमानं लिहीत राहिल्या, आणि ते मोडायला वेगळा वेळ गेला.

मजकुराच्या प्रकारांना फक्त चार तास दिले. पत्राची सुरुवात कशी, तारीख कुठे, सही कुठे. चिनी पत्रात तारीख शेवटी, उजवीकडे, आधी वर्ष मग महिना मग दिवस. मराठी पत्राचा मायना माहीत असलेलं एकही मूल नव्हतं, त्यामुळे तुलना करायला गेले ती वायाच गेली. ईशाच्या वडिलांचं म्हणणं कामी आलं ते इथे. निबंध नाही, पण सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन वाक्यं पाठ करून घेतली.

तोंडी परीक्षेत दोनपैकी एक चित्र निवडून, १५ मिनिटं तयारी करून, एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. मग त्यावर प्रश्न, मग इतर गप्पा, एकूण सात ते दहा मिनिटं. बाजाराच्या चित्रावर एक मुलगा ‘माय’ हा शब्द सबंध वेळ चुकीच्या सुरात म्हणत राहिला. सूर खाली जाऊन वर आला की विकत घेणं. वरून ताडकन पडला की विकणं. त्याच्या बाजारात सगळेच विकत होते, घेणारं कोणी नव्हतं. परीक्षक मीच, रेकॉर्डिंग चालू, दुरुस्त करायची सोय नाही. आणि या चुकीचं मूळ माझ्याच उपायात होतं: देवनागरीत सूर दिसत नाही. मी अक्षरावर सुराचा आकडा लिहायला सांगितला होता, पण तपासताना आकडा नसला तरी सोडून दिलं होतं.

निकाल

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल आले. दोघांना सहा, चौघांना पाच, दोघांना चार, एकाला तीन.

व्यवस्थापनानं याचा अर्थ ‘योजना यशस्वी’ असा लावला. मी तेवढं म्हणणार नाही. सराव परीक्षा मी तपासली होती आणि जरा हात आखडूनच. शिवाय १७-१८ वर्षांची मुलं परीक्षा जवळ आली की तशीही अभ्यासाला लागतात. पण लेखनातला फरक त्याआधीच्या सरावांतच दिसला होता. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत ईशाच्या पेपरात पिनयिन दोनच ठिकाणी उरलं होतं. श्रवणात फारसं काही हललं नाही. त्यासाठी आम्ही काही केलंही नव्हतं.

तीन मिळालेला मुलगा नील. जानेवारीतही तीनच. त्याला यादीतली अक्षरं येत होती, तोंडानं सांगायचा, पण एका तासात दोन उत्तरं कधीच पुरी झाली नाहीत. फेब्रुवारीत मी त्याला ‘हात जलद चालव’ असं वर्गात चार-पाच वेळा म्हटलं. मार्चमध्ये इतिहासाचे सर सहज बोलता बोलता म्हणाले की नील इंग्रजीतही फळ्यावरचं उतरवायला मागे पडतो, पहिल्या वर्षापासून. अशा मुलांसाठी आयबीत जास्त वेळाची सवलत असते, पण तिचा अर्ज कागदपत्रांसह आधीच्या नोव्हेंबरपर्यंत जायला लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

नीलच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. पहिल्या वर्षी त्याच्याकडून पाच मिनिटं हातानं लिहून घेतलं असतं तरी दिसलं असतं. सगळं लेखन लॅपटॉपवर असल्यामुळे त्याची अडचण मला दिसलीच नाही. उलट तो टाइप करण्यात सगळ्यांत चपळ होता. निकालानंतर त्याची आई भेटायला आली. तिनं तक्रार केली नाही. “घरी पण तो लिहायचं टाळतो, आम्हाला वाटलं आळस आहे,” एवढंच म्हणाली. मी तिला फेब्रुवारीत मी काय म्हणत होते ते सांगितलं.

२२० चा आकडा कदाचित अजून कमी करता आला असता. शेवटची तीस-चाळीस अक्षरं कोणाच्याच पेपरात आली नाहीत. देवनागरी मी पुन्हा वापरेन, पण पहिल्या दोन महिन्यांपुरतीच, आणि सुराचा आकडा नसेल तर शब्द चुकीचा धरून.

एचएसकेच्या दुसऱ्या पातळीचं काय करायचं, यावर शाळेत अजून एकमत नाही. प्रमाणपत्र पालकांना हवंय, आणि ते नसेल तर पुढच्या वर्षी वर्गात नऊ मुलंही येणार नाहीत, हे कोऑर्डिनेटरांचं म्हणणं मला खोटं ठरवता येत नाही. सध्या तडजोड अशी: परीक्षा मे महिन्यात होईलच, पण सुट्टीनंतर तसाच एक पेपर, पिनयिनवर व्हाइटनर लावून झेरॉक्स काढलेला, वर्गात द्यायचा आणि त्यातली दहा वाक्यं हातानं लिहून घ्यायची.

नव्या तुकडीला तो पहिल्यांदा दिला तेव्हा पहिल्याच प्रश्नावर एका मुलीनं हात वर केला. “लाओषी, हे आपण शिकलोय?”

शिकलो होतो. तिला मे मध्ये त्याचे पूर्ण गुण होते.